मुक्ताबाईंच्या फोनची कड

रहिमतपूर,
१९ जानेवारी २०२५

श्रीमती स्वप्ना ऋषिराज थोरात यांस,

तुमच्या यजमानांनी भाऊसोंच्या नावे पाठविलेली दोन पानी हकीकत मी वाचली. खरे तर ती माझ्या हाती पडावयाची नव्हती. भाऊसोंच्या चष्म्याची काडी मोडली आहे, म्हणून शेजारधर्मास अनुसरून त्यांनी ती मलाच वाचून दाखवावयास सांगितली. स्वतःविरुद्धचा मजकूर मी त्यांच्या ओट्यावर उभा राहून, खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसह वाचला. त्यातील चुका पुढीलप्रमाणे आहेत.

‘केरूआप्पांनी आमच्यावर पळवून नेल्याची तक्रार केली’ असे ऋषिराज लिहितात. मी तक्रार केलेली नाही. ‘पत्नी घरातून निघून गेली आहे, शोध व्हावा’ एवढीच नोंद मी चौकीवर केली. ‘कोणावर संशय आहे काय?’ असे तेथे विचारण्यात आले, तेव्हा मी ऋषिराज यांचे नाव सांगितले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे याला तक्रार म्हणत नाहीत.

‘सोमवारी, १२ तारखेला आई आमच्याकडे आल्या.’ बारा तारखेला रविवार होता. ज्याला वार आणि तारीख यांची जोडी लावता येत नाही, त्याच्या बाकीच्या विधानांवर किती विसंबावे हे भाऊसोंनी ठरवावे.

‘आप्पा आईंना फोन वापरू देत नाहीत.’ तो फोन मी स्वतः विकत घेऊन दिला आहे. दुकानात तेवढाच एक नवा, लांबोडका फोन शिल्लक होता. तो मुक्ताबाईंना दिला आणि जुना, बुटका मी ठेवला. कोणाकोणाचे फोन आले त्याची यादी मी दर शनिवारी पाहतो. पाहणे म्हणजे मनाई नव्हे.

‘आई भरल्या ताटावरून उठून आल्या.’ हे तर कोठून आले कोणास ठाऊक. भाकरी टोपलीत होत्या, आमटीवर झाकण होते, भांडी पालथी घातलेली होती. दार लोटून घेतले होते. इतक्या व्यवस्थितपणे निघालेल्या बाईला ताटावरून उठावे लागले असे लिहिणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

आता जे घडले ते. रविवारी दुपारी मी आडवा झालो. चहाच्या वेळेस उठलो तो घर रिकामे. फोन माझ्या फळीवर, पेन्सिलींच्या डब्याला टेकवून उभा ठेवलेला, चार्जिंगला लावलेला. यादी पाहिली. बचत गटाच्या बायका, समोरची रेश्मा, आणि बाजारातून केलेला माझा एक फोन. सांगलीहून, म्हणजे तुमच्याकडून, काहीही नाही. त्या आठवड्यात नाही, त्या आधीच्या महिन्यातही नाही.

आणि तरीही मुक्ताबाई नेमक्या त्याच दिवशी निघाल्या, ज्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला अंथरुणावरून उठू नका असे सांगितले. ‘सातव्या महिन्यात रक्तदाब वाढल्यामुळे’ असे ऋषिराज यांनी ओघात लिहिले आहे. तुम्हाला दिवस गेले आहेत हे मला, तुमच्या वडिलांना, एका गौण वाक्यातून कळले. त्याविषयी मला अधिक लिहावयाचे नाही.

माझा प्रश्न एकच आहे. निरोप कोणी आणला?

१५ जून २०२३ रोजी तुम्ही कराडला परीक्षेसाठी म्हणून गेलात आणि विवाह नोंदवून आलात. मुलगा कोणत्या जातीचा, हा प्रश्न माझ्या घरात विचारला गेला नसता. ज्या विचारावर हे घर उभे आहे त्यात तो बसत नाही. मला परीक्षा सांगण्यात आली, हा माझा आक्षेप होता आणि आहे. त्या दिवशी मी म्हणालो होतो, या घरातून त्या घरी शब्द जाणार नाही, आवाजही जाणार नाही. मुक्ताबाईंनी मान हलवली होती. त्यांनी आजवर दिलेली मान परत घेतल्याचे मला स्मरत नाही. तेव्हा एक तर त्यांनी माझ्यामागे ती मोडली, किंवा कोणी तरी तिसरा माणूस माझ्या दारातून ये-जा करतो आहे. यांपैकी कोणते खरे, हे मला समजले पाहिजे. राहत्या जागेचा उतारा मुक्ताबाईंच्या नावावर आहे आणि त्या अंगठा उठवतात, हेही मी विसरलेलो नाही. कागद मी ट्रंकेत हलवले आहेत.

मुक्ताबाईंचा निरोप भाऊसोंनी जसाच्या तसा सांगितला: “त्यास्नी म्हणावं, सवता न्यायला या. न्हाईतर मी हितं बरी हाय.”

माझे उत्तर असे की, निरोप्याचे नाव कळल्याशिवाय मी सांगलीस पाऊल टाकणार नाही. ते कळवावे.

के. रा. खरात
सेवानिवृत्त मुद्रितशोधक


रहिमतपूर,
२७ जानेवारी २०२५

स्वप्ना थोरात यांस,

तुमचे उत्तर मिळाले. दोनदा वाचले. विश्वास बसला नाही.

तुम्ही लिहिता: ‘आप्पा, कोणी निरोप आणला नाही. मी आमच्या खेळाच्या कडेचा रंग बदलला. एवढंच.’ आणि पुढे, बहुधा मला समजावे म्हणून सोपे करून: ‘खेळाचं चित्र ठरलेल्या मापाचं असतं. फोन त्याहून लांब निघाला की वर आणि खाली पट्टी उरते. काही सांगितलं नाही तर फोन ती काळी ठेवतो. मला काळी बघवत नाही, म्हणून खेळ सुरू होताना प्रोग्रामच त्या पट्टीला रंग देतो. सगळ्यांना मातीचा. आईचं नाव घातलेल्या फोनवर मात्र तो रंग मी इथून देईन तो येतो.’

खेळ कोणता, तर ‘दारं धर’. उसाला पाणी पाजताना पाटाचे दारे फोडावे, वाफा भरला की बुजवावे आणि पुढचे फोडावे, तेच काचेवर बोटाने करावयाचे. आमच्या आळीतल्या बायका तो खेळतात हे मला ठाऊक होते. तो तुम्ही तयार केला आहे हे ठाऊक नव्हते. ते मुक्ताबाईंना ठाऊक होते असे दिसते. लिखाण न येणाऱ्या बाईला पाण्याचा अदमास चांगला असतो, असे मी समजत होतो. त्यांना लिहिणे-वाचणे आले नाही, कारण रानातल्या कामातून त्यांना सवड मिळाली नाही. हे पूर्ण कारण आहे. ऋषिराज यांच्या पुढच्या हकीकतीत दुसरे घालू नये.

तुम्ही म्हणता, तुम्ही शाळेतून येत असताना आई अंगणातल्या तारेवर फडके टाकत असे. हिरवे असले की ती घरी आहे आणि सगळे ठीक. पिवळे असले की ती रानात आहे, किल्ली भाऊसोंकडे. तांबडे असले की दप्तर टाकून जिथे असेल तिथे ये. बनुबाई, म्हणजे माझी आई, गेली त्या दिवशी तारेवर तांबडे होते. मी त्या काळी साताऱ्यास छापखान्यात होतो आणि शनिवारी घरी येत असे. तारेवर फडकी मी पाहिली आहेत. ती धुतलेली फडकी होती.

तर तुमचे म्हणणे असे की, २०२३ च्या दिवाळीनंतर एके दिवशी मुक्ताबाईंनी खेळ उघडला, कड मातीची नसून हिरवी दिसली, आणि दोघींमध्ये एक शब्दही न होता त्यांना कळले. खेळ उघडला गेला हे तुम्हाला तिथे दिसत होते. समजल्याची खूण म्हणून त्या शेवटचा वाफा कोरडा ठेवत. आणि १२ जानेवारीस तुम्ही तांबडा दिला.

गोष्ट छान रचली आहे. मी छापखान्यात अशा पुष्कळ वाचल्या. परंतु मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर सही करण्याची मला सवय नाही. म्हणून मी तो खेळ माझ्या फोनवर घेतला आणि चार दिवस खेळलो. वर पट्टी नाही. खाली पट्टी नाही. हिरवी नाही, तांबडी नाही, मातीचीही नाही. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऊसच ऊस.

भाऊसो येऊन माझ्या खांद्यावरून पाहत होते.

“मास्तर, खेळताय व्हय? लय भारी. आवं, पानी हिकडनं सोडा की, त्यो तिकडचा वाफा वाळून मराय लागलाय.”

मी मास्तर नव्हे, मुद्रितशोधक होतो, हे त्यांना मी पुन्हा सांगितले. आणि मी खेळत नाही, तपासतो आहे, हेही.

“आमच्या फौजेत बी असंच म्हणायचे. रम पित न्हाई, तपासतोय.”

त्यांच्यादेखत मी रेश्माला बोलावून तिचा फोन मागितला. तिच्या फोनवर वर-खाली बोटभर रुंदीची तपकिरी पट्टी आहे. “मातीचा रंग हाय की आप्पा,” ती म्हणाली, “सगळ्यांच्यात असतोय. तुमच्यात न्हाई व्हय?” आणि पदर तोंडाला लावून ती हसली. का हसली?

एका मजकुराच्या दोन प्रती निघाव्यात, एकीला पट्टी असावी आणि एकीला नसावी, तर त्यांपैकी एक प्रत नंतर बदललेली असते. माझा तर्क असा: निरोप रेश्मानेच आणला, आणि मी चौकशी करणार हे कळताच तुम्ही सांगलीत बसून तिच्या फोनला पट्टी चढवली. तुम्हाला तसे करता येते, हे तर तुम्हीच लिहून दिले आहे. परवापासून तिच्याकडचे दूध मी बंद केले आहे.

मुक्ताबाईंना सांगावे की, मी सांगलीस येण्याचा प्रश्न होता तेथेच आहे.

के. रा. खरात


रहिमतपूर,
९ फेब्रुवारी २०२५

स्वप्नास,

मुलगी झाल्याचे भाऊसोंनी २ तारखेस दारातून ओरडून सांगितले. वजन कमी आहे आणि काचेच्या पेटीत ठेवली आहे, हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितले. मी ‘बरे’ म्हणालो. ‘बरे’ हा शब्द अपुरा आहे याची मला जाणीव होती. दुसरा लवकर सुचला नाही, आणि भाऊसो तोवर गेले होते.

त्यानंतर मी जे केले ते तुला पकडण्यासाठी केले. हे आधी लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

तुझ्या आईचा फोन फळीवर होता तसाच होता. यादी पाहून झाल्यावर मी तो पालथा केला होता. मग त्यातली शक्ती संपली, आणि मी तो पुन्हा भरला नव्हता. सात तारखेस सकाळी भरला. विचार असा होता की, त्यावरही पट्टी नसेल; मग दोन्ही फोन भाऊसोंसमोर ठेवीन आणि तुझे पत्र वाचून दाखवीन.

माझा फोन आणि तिचा फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर खेळ उघडला. आणि तेव्हा मला दिसले ते मला चार दिवस दिसावयास हवे होते. उसाचे चित्र दोन्हींवर तेवढेच होते. फूटपट्टीने मोजले, रुंदी तीच, उंचीही जवळजवळ तीच. फरक कागदाचा होता. माझा फोन बुटका. मजकूर त्याच्या काठोकाठ बसतो आणि समास उरतच नाही. तिचा लांब, तेथे तो उरतो. छापखान्यात नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगत असे: अक्षरांच्या खिळ्यांची चौकट तीच ठेवून कागद मोठा लावला की भोवती कोरे राहते, आणि चुकीच्या कागदावर काढलेल्या प्रतीवरून समास तपासू नये. मी नेमक्या त्याच प्रतीवरून तो तपासला होता.

तिच्या फोनवर कोरे नव्हते. वर आणि खाली तांबडे होते. उसाच्या हिरव्यावर ते असे दिसत होते की, डोळे अधू असलेल्या बाईलाही अंगणाच्या पलीकडून दिसावे.

एवढ्याने तुझे सगळे खरे ठरले असे मी म्हणत नाही. रेश्माचे दूध सुरू केले आहे.  तपेली ती नेहमीपेक्षा काठोकाठ भरून देते, हेही मला थोडे संशयास्पद वाटते.

पण पुढे ऐक. आठ तारखेस सकाळी मी खेळ पुन्हा उघडला. तांबडा आहे ना, एवढेच पाहावयाचे होते. कड तांबडी नव्हती. जांभळी होती.

मी भाऊसोंना दाखवली. ते म्हणाले, “वांग्याचा रंग दिसतोय.” मग विचार करून, “वैनी तर पोरीपाशीच बसल्यात तिकडं. मग ह्यो रंग कुनासाठी?”

मी त्यांना सांगितले की प्रोग्राममध्ये चूक झाली असेल.

स्वप्ना, तुझ्या आईच्या फडक्यांत जांभळे नव्हते. हिरवे, पिवळे, तांबडे, एवढी तीनच तू लिहिली आहेस. सात तारखेस हा फोन उघडला गेला, हे तुला तिथे दिसले असणार. आणि आई तुझ्याजवळ असताना तो कोणी उघडला, हे कळावयास फार हुशारी लागत नाही. म्हणजे तू रात्रीतून रंग बदललास, आणि असा निवडलास की जो आईला काही सांगत नाही.

छापखान्यात मी जी पेन्सिल वापरत असे ती काळीच दिसे, पण जिभेने ओली केली की अक्षर जांभळे उठे आणि कायमचे बसे. दिवसभर ती ओठाला लागे. शनिवारी मी रहिमतपूर स्टेशनवर उतरत असे आणि तू भाऊसोंच्या सायकलवर पुढे बसून येत असस. माझ्या खालच्या ओठाकडे पाहून तू एकदा बनुबाईला सांगितले होतेस की आप्पा जांभळं खाऊन येतात आणि आम्हाला आणत नाहीत.

हे तुला आठवते, की ऋषिराज यांनी तुझ्या आईकडून काढून घेऊन तुला सुचविले? मला खरे उत्तर हवे. यात सुचविलेले काही असले तर मला तो रंग नको.

उत्तर पत्राने द्यावे. फोन करू नये. मी म्हटलेले अजून परत घेतलेले नाही.

आप्पा

पेटीचे काय झाले ते प्रथम लिही, बाकीचे नंतर.


रहिमतपूर,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नास जयभीम.

तुझे पत्र चार ओळींचे आले. मूल पेटीतून बाहेर काढले, अंगावर पिऊ लागले, हे वाचले आणि बाकीच्या तीन ओळी दुपारी वाचल्या. ‘ऋषिराजला त्या पेन्सिलीचं काहीच माहीत नाही. आईलासुद्धा मी सांगितलं नाही. तिला वाटतं कड अजून तांबडीच आहे.’ हे मी पडताळून पाहण्याचे ठरविले.

पडताळणी अशी केली. काल भाऊसोंनी ऋषिराज यांच्या फोनवर तुझ्या आईला बोलावून घेतले. ते नीट ऐकू यावे म्हणून फोनचा कर्णा, म्हणजे स्पीकर, सुरू ठेवतात. मी त्यांच्या गोठ्याच्या भिंतीपाशी उभा होतो. ऐकण्यासाठी उभा नव्हतो. पण आवाज मोठा होता.

भाऊसोंनी विचारले, “वैनी, तुमच्या फोनला आता कंचा रंग हाय म्हणायचा?”

ती म्हणाली, “तांबडाच असंल. मी निघताना तांबडा व्हता. म्हणून तर खेळ तसाच चालू ठिवून त्यांच्या पेन्सिलीच्या डब्याला टेकवला. उठल्याबरूबर दिसावा म्हणून. म्हणलं, शब्द नको म्हणत्यात तर शब्द न्हाई. पर बगतील तरी. त्यास्नी कडंचं लगी दिसतंय, जलमभर त्येच केलंय.”

भाऊसो म्हणाले, “त्येनी पालथा घातला की.”

 मग ती म्हणाली, “घालू द्या. आता कोन बघतंय त्येला?”

भाऊसोंनी माझ्याकडे पाहिले. मी गोठ्यातल्या म्हशीकडे पाहत होतो.

तेव्हा तुझे म्हणणे खरे निघाले. तिला जांभळ्याचे माहीत नाही. आणि माझ्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले: निरोप कोणी आणला नव्हता आणि तिने दिलेली मान मोडली नव्हती. उलट जाताना निरोप माझ्यासाठीही ठेवून गेली होती. मी त्या फोनमधली यादी वाचली आणि फोन पालथा केला. ऋषिराज यांच्या हकीकतीत हे नाही. त्यांना ठाऊक नसावे. भाऊसोंना ठाऊक झाले आहे, म्हणजे आता गावाला होईल.

तीन-चार शंका अजून आहेत त्या सांगतो. ऋषिराज यांनी रविवारी नाव ठेवण्याचा कार्यक्रम ठरवून भाऊसोंना बोलावणे धाडले आणि ‘आप्पांनाही आणा’ असे शेवटी, कंसात लिहिले. कंसात का? मला बोलावण्याचे मनात होते तर ते मुख्य मजकुरात यावयास हवे होते. त्यांचे वडील कृष्णात हे पलटणीत सुभेदार होते असे कळते. ते माझ्याशी हिंदीत बोलणार असतील तर मला आधी कळवावे. आणि राहत्या जागेचे कागद मी सोबत आणणार नाही, हे ऋषिराज यांना आताच सांगून ठेव. ते ट्रंकेतच राहतील. ते म्हणतील की आम्ही मागितलेच नव्हते. तसे म्हटल्यास ठीक आहे.

मुलीचे नाव तुम्ही ठरविले असेल. मला विचारावे असे मी म्हणत नाही. पाळण्यावर लावावयाच्या पाटीवरचा मजकूर मात्र रंगवण्यापूर्वी मला दाखवावा. सांगलीतले पाट्या रंगवणारे घाई करतात.

आज सकाळी मी तुझ्या आईच्या फोनवर खेळ उघडला. कड जांभळीच आहे. अकरा दिवस तू ती हलवली नाहीस, याची मी नोंद घेतली आहे. त्यानंतर मी खेळलो. आता मला जमू लागले आहे. पाटाचे पाणी आधी दूरच्या वाफ्याला न्यावे आणि माघारी येत येत जवळचे भरावेत, नाही तर शेवट कोरडा राहतो. भाऊसो म्हणाले, हे तुझ्या आईने बायकांना कधीच सांगितले होते. सगळे वाफे भरले. शेवटचा एक राहिला. काम अर्धवट टाकणे माझ्या स्वभावात नाही, हे तुला माहीत आहे. प्रत तपासून झाल्याशिवाय मी कधी दिवा मालवला नाही. बोट त्या दाऱ्यावर नेले होते. मग उचलले, आणि वाफा कोरडा ठेवून खेळ बंद केला.

तो तुला तिथे दिसला असेल. न दिसल्यास पत्राने कळवतो आहेच.

ऋषिराज यांच्या हकीकतीतील तारखा दुरुस्त करून खाली देतो. ही यादी त्यांना द्यावी; त्यांनी आपल्या प्रतीत बदल करून घ्यावेत.

१५ जून २०२३, गुरुवार. विवाहाची नोंद. हकीकतीत ‘जूनअखेर’ आहे, ते चूक. परीक्षा त्या दिवशी नव्हती.

नोव्हेंबर २०२३, दिवाळीनंतर. मुक्ताबाईंच्या फोनची कड प्रथम हिरवी झाली. दिवस नक्की सांगता येत नाही, कारण घरात ज्याने पाहावयाचे त्याने पाहिले नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार. कड तांबडी. मुक्ताबाई सांगलीस गेल्या. ‘सोमवार’ खोडावा. ‘भरल्या ताटावरून’ हेही खोडावे.

१३ जानेवारी, सोमवार. चौकीवर नोंद. दुसऱ्या दिवशी मागे घेतली. हे हकीकतीत राहून गेले आहे.

२ फेब्रुवारी, रविवार. मुलीचा जन्म. ‘बरे’ म्हटले. हा शब्द बदलून द्यावयाचा आहे, समक्ष देईन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. मी फोन सरळ केला.

८ फेब्रुवारी, शनिवार. कड जांभळी. वारही शनिवारच होता, हे यादी करताना लक्षात आले.

१९ फेब्रुवारी, बुधवार. शेवटचा वाफा कोरडा ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार. केरू रामा खरात दुपारच्या गाडीने सांगलीस आले आणि मुक्ताबाईंना न्यावयास स्वतः दारात उभे राहिले.

शेवटची तारीख यावयाची आहे आणि वाक्य भूतकाळात आहे, हे मला दिसते आहे. ते तसेच राहू द्यावे.

आप्पा